मोकळी जमीन

अकरावी क. घणसोली, सेक्टर सात, तिसरा मजला.
मी फळ्यावर पाच रकाने आखते:
स्वप्न, सीमा, एकटा माणूस, पाप, वर्ण.
अमेरिकेचं अडीचशे वर्षांचं लिहिणं
दिवाळीच्या सुट्टीआधी
या पाच डब्यांत भरून संपवायचं आहे.
नियोजनवहीत तसं लिहून खाली सही घेतलीय.

मुलं एव्हाना तरबेज झालीत.
रस्ता आला की 'स्वातंत्र्य' लिहितात,
बर्फ पडला की 'मृत्यू',
कुणी दार आपटून घराबाहेर पडलं
की 'एकटा माणूस', दोन गुण.
नील डिकोस्टा तर गोष्ट न वाचताच थीम सांगतो
आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो,
याचं मला जरा भय वाटतं.

मंगळवारी सीमेचा तास.
मी सांगत होते: पश्चिमेला निघालेल्या गाड्या,
वर कापडाचं छत, बैल, बंदूक, पिठाचं पोतं,
आणि पुढे नुसती मोकळी जमीन,
नजर जाईल तिथवर कुणाचीच नसलेली.
'कुणाचीच नसलेली' खाली
मी दोनदा रेघ ओढली.

खिडकीकडचा तिसरा बाक. दर्शिका मढवी.
हात वर न करताच म्हणाली,
"बाई, मोजायला आलेला माणूस
कुठल्या गाडीत होता?"

वर्ग हसला. मीही, थोडंसं.

"आमच्याकडे जीपमधून आला होता," ती म्हणाली.
"त्यानं कागदावर लिहिलं: पडीक, खारवट.
माझा आजा त्याच्यासाठी चहा घेऊन गेला
त्या पडीकातूनच,
गुडघाभर भातातून."

मग तिनं नावं सांगितली.
त्या पडीकाला नावं होती:
मोठी खार, वाकडा बांध, सासूचा तुकडा,
उघाडीखालची खाच, जिथे भरतीला जिताडा शिरायचा.
"तुमच्या सोसायटीचं पार्किंग आहे ना बाई,
ती उघाडीखालची खाच."
रागानं नाही म्हणाली.
पदर लोळतोय हं, असं कुणी सांगावं
तशा सुरात.

मी खडू घेऊन पाच रकान्यांसमोर उभी.

बसवराज उठला. त्याचे वडील बिदरहून
एका ट्रंकेनिशी तुर्भ्याच्या बाजारात आले,
अजून गोणी उचलतात.
"मग आम्ही कोण, मॅडम? गाडीतले?"
कुणी काही बोललं नाही.
पंखा तेवढा कुरकुरत राहिला.
मला म्हणायचं होतं, गाडीतलेही
कुठूनतरी हुसकलेलेच असतात रे.
पण ते इतकं पाठ केल्यासारखं वाटलं
की गिळून टाकलं.

शेवटी दर्शिकाच म्हणाली,
"आम्ही पण आता भाडेकरू ठेवतो.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर चार मजले,
अकरा खोल्या. पप्पा सहावी बाथरूम बांधतायत.
आम्हाला स्वप्नात घाला, बाई."
आता सगळा वर्ग मोकळेपणी हसला,
ती सगळ्यांत आधी.

घंटा झाली. नीलनं विचारलं,
"हे परीक्षेला आहे का?"
मी 'नाही' म्हटलं आणि लगेच
ते 'नाही' मला आवडलं नाही.
फळा पुसताना
दोन रेघांवरचे शब्द तेवढे ठेवले.
दुपारच्या अधिवेशनाचं कुणीतरी पुसेल.

संध्याकाळी स्कूटर लावली.
आमच्या पार्किंगच्या भिंतीला
दरवर्षी खार फुटतो, पांढरा, भुरभुरीत.
वार्षिक सभेत दरवर्षी तीच तक्रार.
रंगवाला तीनदा बदलून झाला,
गिलावा खरवडून झाला, वॉटरप्रूफिंगवाल्यानं
पाच वर्षांची लेखी हमी दिली होती.
हमीला अजून दीड वर्ष बाकी आहे.

आजूबाजूला कुणी नाही असं बघून
मी भिंतीला बोट लावलं
आणि जिभेवर टेकवलं.

बुधवारी 'एकटा माणूस' आहे.
नियोजनाप्रमाणे.